जिमखान्यातून घेतलेलं फुल फेस हेल्मेट: प्लेयर लोकांनी खरंच घातलं का?

आधीच सांगते, हा रिव्ह्यू बुलेट घेऊन लडाखला जाणाऱ्यांसाठी नाहीये. शंभरच्या स्पीडला वाऱ्याचा आवाज किती येतो, ब्लूटूथ कुठं बसतं, असले प्रश्न असतील तर इथं काही मिळणार नाही. हा आहे सकाळी साडेपाचला अ‍ॅक्टिवा नाहीतर ज्युपिटर काढून ग्राउंडवर जाणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी, पाठीला किटबॅग, पायाशी स्पाइक्सची पिशवी आणि मागं डबलसीट बसलेला टीममेट जो अजून अर्धा झोपेतच आहे. मी स्वतः खो-खो खेळायचे, आता पुण्यातल्या एका कॉलेजच्या जिमखान्यात टीम्सचं फिटनेसचं बघते, पोरं मला ताई म्हणतात आणि हेल्मेटचा विषय काढला की तीच पोरं दुसरीकडं बघायला लागतात.

तर वस्तू काय घेतली ते आधी. आयएसआय मार्कवालं फुल फेस, बाहेर साधं व्हायझर आणि आत खाली ओढायचं काळं व्हायझर, हनुवटीखाली टक करून बसणारं क्विक रिलीज बकल, आतलं पॅडिंग काढून धुता येतं. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची लाइन आहे तिथल्या एका दुकानातून, बाराशे ते पंधराशेच्या मधल्या रेंजमधलं. अर्धे पैसे जिमखान्याने दिले अर्धे ज्याचे त्याने, कारण फुकट दिलेली वस्तू आमच्याकडं पुढच्या सीझनला सापडत नाही, हा ट्रॅकसूटचा अनुभव आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या रेंजमधे दोन-चार कंपन्यांचे मॉडेल इतके सारखे आहेत की स्टिकर काढला तर ओळखू येणार नाही. आणि मला कंपनीबद्दल बोलायचंच नाहीये, मला बोलायचंय ते प्लेयरच्या डोक्यावर ही वस्तू टिकते का याबद्दल. कपाटात ठेवलेलं पाच स्टारचं हेल्मेट काय कामाचं.

आता प्लेयर लोकांचं म्हणणं. हे नीट ऐकून घेण्यासारखं असतं, कारण ही पोरं मूर्ख नाहीत आणि त्यांना सेफ्टीचं वावडंही नाही. ज्या पोराला हेल्मेट नको असतं तोच पोरगा नीकॅप विसरला तर अर्ध्या रस्त्यातून परत घरी जातो. अँकल सपोर्ट, टेपिंग, माउथगार्ड, सेंटर गार्ड, सगळं वेळच्या वेळी. गुडघ्याची तर इतकी धास्ती आहे की लिगामेंट हा शब्द उच्चारला तरी चेहरा पडतो. म्हणजे शरीराची काळजी आहे, फक्त त्यात मानेच्या वरचा भाग धरलेला नाही.

सगळ्यात कॉमन वाक्य, ताई इथंच तर जायचंय. इथंच म्हणजे कॉलेज ते सणस ग्राउंड, किंवा होस्टेल ते कॉलेज, दोन-तीन किलोमीटर. बालेवाडीला प्रॅक्टिस असेल तेव्हा मात्र हायवे लागतो म्हणून घालतात, म्हणजे त्यांच्या डोक्यात लांब म्हणजे धोका आणि जवळ म्हणजे घर. आता हे लॉजिक सणसच्या बाहेर सकाळी सव्वासातला उभं राहून बघा, स्कूलव्हॅन, पीएमटी, सारसबागेत चालायला आलेले आजोबा जे रस्ता क्रॉस करताना फक्त एकाच बाजूला बघतात, आणि त्यातून वाट काढणारी आमची गँग.

दुसरं वाक्य कबड्डीवाल्यांचं. आम्हाला पडायची सवय आहे. हे खरंच आहे, चेन टॅकलमधे चार जणांच्या खाली गाडला गेलेला रेडर उठून परत रेड टाकतो, त्याला पडण्याचं काय कौतुक सांगणार तुम्ही. ज्युडोवाले तर पडायचंच ट्रेनिंग घेतात. पण मॅटवर पडताना तुम्ही पडणार आहात हे तुम्हाला माहीत असतं, हात मोकळे असतात आणि खाली मॅट असते. गाडीवर हात हँडलला, पाय फ्लोअरबोर्डवर, पाठीला दहा किलोची बॅग, आणि खाली डिव्हायडरची कड. मी त्यांना एक साधं गणित घालते, फळ्यावर नाही, ग्राउंडवरच. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण दीड मीटर उंचीवर असतं, तिथून ते नुसतं खाली आलं, गाडी जागेवर उभी असताना, तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १९-२० किमी होतो. म्हणजे हळू चालवतो म्हणून हेल्मेट नको, यात हळू हा शब्द फक्त गाडीला लागू आहे, डोक्याला नाही. गाडीचा स्पीड त्याच्यावर वेगळा. हे ऐकून आमच्या कबड्डी टीमचा एक कॉर्नर म्हणाला, ताई मग उभ्या गाडीवर पण घालायचं का. घाल बाबा.

तिसरे स्प्रिंटर. त्यांचा भरवसा रिफ्लेक्सवर. शंभर मीटरवाल्याचा रिअ‍ॅक्शन टाइम चांगला असतो याबद्दल वाद नाही, ब्लॉकवरून ०.१५ सेकंदात सुटणारी पोरं असतात. पण युसेन बोल्टने २००९ ला बर्लिनमधे ९.५८ ची रेस मारली त्यातला त्याचा सगळ्यात वरचा स्पीड होता ताशी ४४-४५ किमीच्या आसपास, आणि आमचा सेकंड इयरचा पोरगा सिग्नल सुटल्यावर अ‍ॅक्टिवावर तोच स्पीड काही सेकंदात गाठतो, मावा चघळत. ४५ च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेबारा मीटर जाते, म्हणजे ०.२ सेकंदाचा मस्त रिफ्लेक्स धरला तरी ब्रेकला बोट लागेपर्यंत अडीच मीटर संपलेत. आणि समोरून रिक्षा वळली तर तुमचा रिफ्लेक्स चांगला असून काय उपयोग, रिक्षावाल्याचा कुठंय.

बॉक्सरचं आर्ग्युमेंट मात्र मला मनापासून आवडलं. ताई, बॉक्सिंगमधे पण हेडगार्ड काढून टाकलं ना. बरोबर आहे, एलिट पुरुषांसाठी २०१३ मधे काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला सगळे पुरुष बॉक्सर बिनाहेडगार्ड खेळले. पोरगा अभ्यास करून आला होता. पण ते हेडगार्ड म्हणजे मऊ फोम, कट लागू नये म्हणून ठीक, आतल्या मेंदूला बसणारा झटका त्याने फारसा कमी होत नाही अशी तक्रार होती, आणि समोरून येणारी वस्तू म्हणजे ग्लोव्हमधला हात. गाडीच्या हेल्मेटच्या आत असतो कडक थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यात कोपऱ्याला असतो तसा, आणि त्याचं काम एकच, स्वतः चेपायचं आणि डोक्याला थांबायला जास्तीचे काही मिलिसेकंद मिळवून द्यायचे. एकदा चेपला की तो परत फुगत नाही. म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं असतं, आणि म्हणूनच मित्राचं जुनं दोनशेला मिळतंय म्हणून घ्यायचं नसतं, ते कुठं कुठं आपटलंय हे मित्र सांगणार नाही.

क्रिकेटवाल्यांचा प्रकार सगळ्यात विनोदी. नेट्समधे साध्या थ्रोडाउनला सुद्धा हेल्मेट शिवाय उभे राहत नाहीत, आणि घरी जाताना तेच हेल्मेट किटबॅगमधे, किटबॅग पायाशी आडवी, आणि डोकं उघडं. एक महाशय तर बॅटिंग हेल्मेट ग्रिलसकट घालून चौकातून गेले, ट्रॅफिकच्या मामांना वाटेल घातलंय म्हणून. मामा पुण्याचे आहेत, त्यांनी बाजूला घेतलं. क्रिकेटचं हेल्मेट बॉलसाठी बनवलेलं असतं, त्याचं ब्रिटिश स्टँडर्डच वेगळं आहे, रस्त्यावर आपटायचा त्याचा धंदा नाही, आणि कायद्याला आयएस ४१५१ वालंच लागतं, म्हणजे टू-व्हीलरच्या हेल्मेटचं जे भारतीय स्टँडर्ड आहे ते. क्रिकेटवाल्यांशी बोलताना मी नेहमी भारताकडून खेळलेल्या रमण लांबाचं नाव काढते. १९९८ ला ढाक्याला क्लब मॅचमधे शॉर्ट लेगला, म्हणजे बॅट्समनच्या अगदी जवळ, बिनाहेल्मेट उभा राहिला, दोन-तीन बॉलचाच तर प्रश्न होता, बॉल कपाळाला लागला आणि तीन दिवसांनी गेला. आत्ता या पोरांपैकी कोणीही शॉर्ट लेगला बिनाहेल्मेट उभा राहणार नाही, अंपायर आणि कोचही राहू देणार नाहीत. मग कोणीतरी मागून म्हणतंच, व्हिव रिचर्ड्स कुठं घालायचा. तू व्हिव रिचर्ड्स आहेस का रे, गेल्या मॅचला किती केलेस.

मुलींचा मुद्दा केसांचा आणि स्कार्फचा, आणि इथं मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. पुण्यात गाडीवर स्कार्फ म्हणजे युनिफॉर्मच, ऊन, धूळ, सगळ्यासाठी. पण जाड कॉटनचा स्कार्फ दोन वेढे देऊन त्यावर हेल्मेट घातलं की हेल्मेट पॅडिंगवर बसतच नाही, स्कार्फवर घसरतं, मग मुली एक साइज मोठं घेतात, मग स्कार्फ नसेल त्या दिवशी ते डोक्यावर गरागरा फिरतं. पोनीटेल उंच असेल तर मागून हेल्मेट वर उचललं जातं आणि पुढून डोळ्यावर येतं. अंबाडा घालून तर बसतच नाही. आमच्या खो-खोच्या मुलींनी शेवटी काय शोधलं तर मानेपाशी खाली घातलेली वेणी, आत पातळ लायक्राची स्कल कॅप, आणि स्कार्फ हेल्मेटच्या आत नाही तर गळ्याशी. फुल फेसला व्हायझर असल्यामुळे तोंडाला स्कार्फची गरजच राहत नाही हे त्यांना वापरल्यावर कळलं, आणि मला वाटतं या हेल्मेटचा मुलींसाठी सगळ्यात मोठा प्लस पॉइंट सेफ्टी नाहीच, चेहऱ्यावर धूळ येत नाही हा आहे. कारण काही का असेना.

आता वस्तूकडं येते.

फिटिंग. दुकानातले काका सोन्यासारखे निघाले. आमची व्हॉलीबॉलची कॅप्टन आरशात बघून बोलली हे बसतंय, काकांनी बकल लावलं, मागून हेल्मेटची खालची कड धरली आणि पुढं ढकललं, हेल्मेट सरळ तिच्या नाकापर्यंत निघून आलं. ताई हे बसलं नाही, हे ठेवलंय, असं म्हणाले. मग एक साइज लहान दिलं, ती ओरडायला लागली गाल दाबले जातायत, तर म्हणे दाबलेच गेले पाहिजेत, पॅड नवीन आहेत, वापरून सैल होतील, फक्त कपाळावर एका जागी टोचत असेल तर सांगा. डावीउजवीकडं मान हलवायला लावली आणि बघितलं की गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकतीये का. ऑनलाइन साठ-सत्तर रुपये स्वस्त मिळालं असतं पण ही दहा मिनिटं कुठून मिळाली असती. आपल्याकडं साइज मिलिमीटरमधे छापलेला असतो, ५८० म्हणजे मीडियम, ६०० म्हणजे लार्ज, भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून मोजायचं. खेळाडू पोरं खांद्याने रुंद असतात म्हणून डायरेक्ट लार्ज उचलतात, खांद्याचा आणि डोक्याचा काही संबंध नाही.

आयएसआय मार्क बघायचा म्हणजे नुसता स्टिकर बघायचा नाही. मार्कच्या वर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमधे टाकला की कोणाचं लायसन्स आहे, चालू आहे का ते दिसतं. आमच्या पोरांनी दुकानातच टाकून बघितला, काकांना राग आला नाही, उलट खुश झाले. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं टू-व्हीलरचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या त्या टोप्या दोनशे-अडीचशेला मिळतातच. त्यांना हेल्मेट म्हणू नका, ती मामांना दाखवायची टोपी आहे, आत थर्माकोलच्या नावाने बोटभर स्पंज.

घाम. हा आमच्यासाठी मेन पॉइंट, आणि कुठल्याही यूट्यूबवाल्याच्या रिव्ह्यूमधे नसतो कारण ते लोक दीड तास सर्किट ट्रेनिंग करून हेल्मेट घालत नाहीत. प्रॅक्टिसनंतर ओल्या डोक्यावर फुल फेस चढवणं म्हणजे शिक्षा आहे हे मला मान्य. पुढचे व्हेंट चालत्या गाडीत थोडी हवा देतात, सिग्नलला थांबलं की बंद. पंधरा दिवस तसंच वापरलं तर असा वास येतो की डबलसीटवाला स्वतःहून चालत जाईन म्हणतो. पण गालाचे पॅड प्रेस बटणावर आहेत, खेचले की निघतात, वरचं लायनिंगही निघतं, कोमट पाण्यात शाम्पू टाकून हाताने चुबकलं आणि सावलीत टाकलं की दुसऱ्या दिवशी तयार, पावसाळ्यात दोन दिवस. वॉशिंग मशीनमधे टाकू नका, एकाने टाकले, पॅडचे गोळे झाले. आणि प्रॅक्टिसनंतर पाच मिनिटं कूलडाउन स्ट्रेचिंग नीट करा, डोकं पुसा, मग घाला, तसंही स्ट्रेचिंग तुम्ही टाळताच.

ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, ही तक्रार. दिसण्याचं म्हणाल तर मी प्रत्येकाला घालून समोर बघायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी हात पुढं आणत गेले, कधी दिसतो ते सांग, बहुतेकांना खांद्याच्या रेषेच्या जवळपासच दिसला. बास्केटबॉलवाल्यांना बाजूचं बघायची खोड असते त्यांनीही मान्य केलं. ऐकू थोडं कमी येतं हे खरं, पण ही तक्रार करणारा पोरगा कानात दोन्ही इअरबड घालून येतो हे इथं नमूद करते.

व्हायझर. दिवसा छान, काळं आतलं व्हायझर दुपारच्या मॅचला जाताना एकदम कामाचं. पावसाळ्यात पहाटे वाफ धरते, एक बोटभर उघडं ठेवून चालवावं लागतं. ओरखडे लवकर पडतात कारण आमची पोरं हेल्मेट ग्राउंडवर काच खाली करूनच ठेवतात. ओरखडे पडलेल्या व्हायझरमधून रात्री समोरच्या गाडीचा लाइट फुटतो आणि काही दिसत नाही, तेव्हा व्हायझर बदला, दोन-अडीचशेत येतं, काका स्वतः बसवून देतात.

आता सगळ्यात मोठा मायनस, आणि यात हेल्मेटचा दोष अर्धाच आहे. ठेवायचं कुठं. अ‍ॅक्टिवाची डिकी १८ लिटरची, त्यात हे हेल्मेट जात नाही, सीट बंद होत नाही. ज्युपिटर १२५ ची ३३ लिटरची आहे, ज्याच्याकडं ती आहे तो एका मित्राचं पण ठेवतो आणि त्याचा भाव वाढलेला आहे. बाकीच्यांनी काय करायचं? ग्राउंडला लॉकर नाही, आरशाला अडकवलं तर पाऊस नाहीतर चोर, किटबॅगमधे टाकलं तर बॅगच भरली. मग पोरगा विचार करतो, कशाला ती कटकट. मला अगदी ठामपणे वाटतं की कॉलेजच्या पोरांच्या हेल्मेट न घालण्याचं अर्धं कारण डोक्यात नाही, पार्किंगमधे आहे. आम्ही दोन गोष्टी केल्या, एक म्हणजे नंबरवालं केबल लॉक घ्यायला लावलं, शंभर-दीडशेचं, हनुवटीच्या पट्टीतून नाही तर व्हायझरच्या खिडकीतून आणि हनुवटीखालून घालून गाडीला बांधायचं, कारण पट्टी ब्लेडने कापली की गेलं. आणि दुसरं, जिमखान्याच्या व्हरांड्यात जुना जॅव्हलिन स्टँड पडून होता त्याला हुक मारून घेतले. त्या हुकांनी जेवढं काम केलं तेवढं माझ्या लेक्चरने केलं नाही.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागं बसणारा दोघांनाही लागू आहे, आपल्याकडं पावती ५०० ची आणि सोबत तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पण पुण्यातल्या पोराला कायदा सांगून उपयोग नाही, त्याने लहानपणापासून घरात हेल्मेटसक्तीविरुद्ध भाषणं ऐकलेली असतात. २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली तेव्हा पुणेकरांनी पगड्या घालून मोर्चा काढला होता, आमच्या आत्ताच्या थर्ड इयरच्या पोरांचे बाबा-काका त्यात असणार. अकरावी-बारावीवाल्यांचा तर वेगळाच घोळ, सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनागिअरच्या गाडीचं, आणि तशी पेट्रोलची गाडी आता शोरूमला मिळते कुठं, त्यामुळं ही पोरं एकतर आईची ११० सीसी बेकायदा पळवतात नाहीतर ती छोटी इलेक्ट्रिक, २५ च्या वर न जाणारी, २५० वॉटच्या आतली, जिला लायसन्सही लागत नाही आणि हेल्मेटचा नियमही नाही. नियम नाही म्हणून डोकं वेगळं असतं का? आमच्या ज्युनिअर टीमला मी सरसकट घालायला लावते, गाडी कुठलीही असो, आणि बेकायदा गाडी घेऊन आलेल्याची चावी सरळ पालकांना परत जाते.

आकडा ऐकायचाच असेल तर एकच सांगते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे त्या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्ते अपघातात गेले, त्यातले १४,३३७ मागं बसलेले होते. गहुंजेचं स्टेडियम भरून वर उरतील एवढी माणसं. तो डबलसीट झोपलेला टीममेट आठवा.

पण खरं सांगू, मरणाच्या आकड्याने विशीतल्या प्लेयरला काही होत नाही, त्याला वाटतं ते दुसऱ्यांचं असतं. त्याला लागतं ते सिलेक्शन. डोक्याला जोरात मार बसला आणि कंकशन झालं, म्हणजे आत मेंदूला झटका बसला, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी डॉक्टर कॉन्टॅक्टवाला खेळ बंद करतात, आधी आराम, मग हलकं चालणं, मग जॉगिंग, मग ड्रिल, प्रत्येक पायरीवर डोकं दुखलं की परत मागं. इंटरकॉलेज त्याच महिन्यात, मग झोनल, मग युनिव्हर्सिटीचा कॅम्प. हे बोलले की सगळे शांत होतात. गुडघ्याच्या सर्जरीला जे घाबरतात ते याला पण घाबरतात, फक्त कोणी त्यांना त्या भाषेत सांगितलेलं नसतं.

या हेल्मेटची परीक्षाही झाली, आमच्या नशिबाने छोटी. ऑगस्टमधे हँडबॉलचा गोलकीपर वळणावर ओल्या खडीवरून घसरला, स्पीड काही नव्हता, पडला तो उजव्या कुशीवर आणि तोंड रस्त्यावर. हेल्मेट आणून दाखवलं त्याने, हनुवटीच्या उजव्या बाजूला पेंट पूर्ण खरवडून खालचं पांढरं प्लास्टिक दिसत होतं, तळहाताएवढा पट्टा, व्हायझरचा उजवा स्क्रू तुटलेला, आतला गालाचा पॅड जागच्या जागी. पोराला कोपरावर आणि मांडीला खरचटलं, तोंडाला काही नाही. ओपन फेस असतं तर तो पट्टा त्याच्या जबड्यावर असता. म्हणून ज्यांना फुल फेसमधे गुदमरतं म्हणून अर्धं हेल्मेट हवंय त्यांना मी ते हेल्मेट हातात देते, अजून जिमखान्यात ठेवलंय. त्याला नवीन घ्यायला लावलं, तो कुरकुरला, वरून तर चांगलं आहे ना म्हणून. त्याच्या आईने त्याच संध्याकाळी घेऊन दिलं.

सगळे घालतात का? नाही. मुली जवळजवळ सगळ्या, अ‍ॅथलेटिक्सवाले बरेच, क्रिकेटवाले कॅप्टन असला की, आणि कबड्डीवाले गेटपर्यंत कोपराला अडकवून आणतात आणि मला लांबून बघितलं की घालतात. कॅप्टनचा फरक फार पडतो, मी दहा वेळा सांगण्यापेक्षा कॅप्टन एकदा घालून आला की ज्युनिअर गपचूप घालतात. जिमखान्यातून कोणी घ्यायचा विचार करत असेल तर पहिलं कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टनला द्या, रंग त्यांना निवडू द्या. आम्ही सगळ्यांना एकसारखं पांढरं द्यायला निघालो होतो, रात्री उठून दिसतं म्हणून, पोरांनी सरळ सांगितलं हे घालून आम्ही पिझ्झा डिलिव्हरीवाले दिसू. मॅट काळ्यावर मागं टीमच्या रंगाची रिफ्लेक्टरची पट्टी आणि जर्सी नंबर, यावर तोडगा निघाला, आणि नंबर असल्यामुळे अदलाबदलही होत नाही. पट्टी लावताना थिनर किंवा स्ट्राँग सोल्युशन वापरू नका, शेल खराब होतं, नुसती चिकटणारी टेप घ्या.

मार्क द्यायचे तर फिटिंग आणि पॅडिंगला पाचपैकी साडेचार, व्हायझरला तीन, व्हेंटला अडीच, पैशाच्या मानाने चार. दुकानाला पूर्ण पाच. जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि काकांना वेळ नसतो, सकाळी अकराच्या सुमाराला जा, पूर्ण टीम न्या आणि मुलींनी केस ज्या पद्धतीने रोज बांधता तसेच बांधून जा. स्मॉल साइज म्हणजे ५६० दुकानात कमी ठेवतात, आधी फोन करून मागवून घ्यायला सांगा, आणि एक्स्ट्रा गालाचे पॅड त्याच वेळी घेऊन ठेवा, मॉडेल बंद झालं की मिळत नाहीत.